नीलहरित जीवाणूंची प्रकाशयंत्रे: प्रथिन-संकुलांच्या रचनेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवी आणि पदव्युत्तर वर्गांत हा विषय शिकवताना जे प्रश्न पुन्हापुन्हा समोर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न विद्यार्थ्यांचे आहेत, काही शाळांतल्या विज्ञान शिक्षकांचे, तर काही निव्वळ कुतूहलापोटी विचारलेले. पाठ्यपुस्तकात ही संकुले रंगीत लंबगोलांच्या रूपात भेटतात आणि तिथेच मोठे नुकसान होते. प्रकाशसंश्लेषणाच्या या यंत्रांमध्ये कोणता रेणू कोणापासून किती अंतरावर आणि कोणत्या कोनात बसला आहे, यावरच सगळे काम चालते. लंबगोल काढला की तेच नाहीसे होते.

हे शेवाळ आहे की जीवाणू?

जीवाणू. शास्त्रीय नाव सायनोबॅक्टेरिया. जुन्या पुस्तकांत ‘नील-हरित शैवले’ असे नाव होते आणि बोलताना आजही तेच तोंडात येते. पण यांच्या पेशीत केंद्रक नसते, हरितलवकही नसते. उलट पानांतले हरितलवक हेच अतिप्राचीन काळी दुसऱ्या पेशीत शिरून तिथेच कायमचा मुक्काम केलेल्या एका सायनोबॅक्टेरियाचे वंशज आहे. म्हणून पुढे वाचाल त्यातले बरेचसे आंब्याच्या पानालाही लागू पडते. जिथे पडत नाही, तिथे तसे सांगितले आहे.

सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला तो यांच्यामुळे. पावसाळ्यात गच्चीवर जो काळसर-हिरवा बुळबुळीत थर येतो, त्यातही हे बहुधा असतातच.

‘संकुल’ म्हणजे काय आणि अशी संकुले किती?

अनेक प्रथिने एकमेकांत गुंतून, पोटात हरितद्रव्य, लोह, क्विनोन असे मदतनीस रेणू धरून एक काम करू लागली की त्या समूहाला संकुल म्हणतात. सायनोबॅक्टेरियाच्या पेशीत थायलॅकॉइड नावाची पातळ पटले असतात आणि ही यंत्रे त्या पटलांत रुतलेली असतात. मुख्य चार: प्रकाश गोळा करणारा फायकोबिलिसोम (हा पटलात रुतत नाही, वर बसतो), पाणी फोडणारी फोटोसिस्टिम-२, मधला सायटोक्रोम बी६एफ आणि शेवटची फोटोसिस्टिम-१. जोडीला एटीपी (पेशीचे ऊर्जेचे चलन) तयार करणारे संकुल आणि एनडीएच-१ नावाचे आणखी एक असते. या एनडीएच-१ ची रचना २०१९ मध्ये हाती आली.

इलेक्ट्रॉनचा प्रवास असा: पाण्यातून फोटोसिस्टिम-२, तिथून प्लास्टोक्विनोन या पटलात फिरणाऱ्या छोट्या क्विनोन-रेणूवर स्वार होऊन बी६एफ, पुढे एका छोट्या विरघळणाऱ्या प्रथिनाच्या मदतीने फोटोसिस्टिम-१ आणि शेवटी फेरेडॉक्सिन हे लोह बाळगणारे वाहक प्रथिन.

फोटोसिस्टिम-२ आधी येते, मग तिला २ का म्हणतात?

हा प्रश्न दरवर्षी येतो. क्रमांक कामाच्या क्रमाने दिलेले नाहीत. १९६१ मध्ये डच शास्त्रज्ञ डुयसेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लाल शैवालावर प्रयोग करताना दोन वेगळ्या प्रकाशक्रिया ओळखल्या आणि त्यांना १ व २ म्हटले. कोण आधी, हे नंतर स्पष्ट झाले, तोवर नावे रुळली होती. इलेक्ट्रॉनच्या या प्रवासाची पुस्तकातली ‘झेड’ आकृतीही नीट समजून घ्या. ती ऊर्जेची चढउतार दाखवते, पटलात कोण कुठे बसले आहे हे नाही.

इतकी लहान वस्तू ‘दिसते’ कशी?

दोन वाटांनी. जुनी वाट स्फटिकाची: प्रथिन शुद्ध करायचे, त्याचे स्फटिक वाढवायचे, त्यावर क्ष-किरण टाकायचे आणि विखुरलेल्या ठिपक्यांवरून अणूंच्या जागा काढायच्या. नवी वाट क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची: द्रावण क्षणात गोठवायचे आणि हजारो-लाखो रेणूंच्या अंधूक प्रतिमा एकत्र करून त्रिमितीय आकार उभा करायचा. या दुसऱ्या तंत्राला २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

इथे अंतर अँगस्ट्रॉममध्ये मोजतात. एका मिलिमीटरचे एक कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम. आकडा जितका लहान तितके चित्र स्पष्ट.

पटलातल्या प्रथिनांचे स्फटिक करणे महाकठीण. चरबीत राहणारी ही प्रथिने पाण्यात आली की विस्कटतात. तिथे जपानमधल्या बेप्पू इथल्या उष्ण झऱ्यातला एक सायनोबॅक्टेरिया कामी आला. थर्मोसिनेकोकॉकस हा ५० अंशांपेक्षा अधिक गरम पाण्यात वाढतो, म्हणून त्याची संकुले दणकट असतात. या विषयातल्या बहुतेक गाजलेल्या रचना त्याच्या किंवा त्याच्या जवळच्या भाऊबंदांच्या आहेत. त्याच्या जोडीला प्रयोगशाळेत सिनेकोसिस्टिस ६८०३ असतो. प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या सजीवांपैकी सर्वांत आधी संपूर्ण जनुकीय वाचन झाले ते याचे, १९९६ मध्ये.

पाणी फोडणारे केंद्र नेमके कसे दिसते?

या पानावर एकच उत्तर वाचायचे असेल तर हे वाचा.

फोटोसिस्टिम-२ जोडीने राहते. जोडीतल्या प्रत्येक भागात सुमारे २० प्रथिने आणि ३५ हरितद्रव्य-रेणू असतात. मधोमध डी१ आणि डी२ ही प्रथिने एकमेकांना मिठी मारल्यासारखी बसतात. दोन्ही बाजूंना सीपी४३ आणि सीपी४७ ही हरितद्रव्याने भरलेली प्रथिने. त्यांतले रेणू प्रकाशाची ऊर्जा आत पाठवतात. बांधकामावर मजूर रांगेत उभे राहून घमेले हातोहात पुढे देतात, तशी ऊर्जा एका रेणूकडून दुसऱ्याकडे जाते आणि पी६८० या मध्यवर्ती हरितद्रव्यापाशी पोहोचते. पी६८० आपला इलेक्ट्रॉन गमावतो आणि त्या क्षणी त्याची इलेक्ट्रॉन ओढून घेण्याची ताकद सजीवसृष्टीत इतरत्र कुठेही आढळत नाही इतकी होते. ही ताकद लागतेच, कारण पाणी आपला इलेक्ट्रॉन सहजी सोडत नाही.

मात्र पी६८० स्वतः पाण्याला हात लावत नाही. मध्ये डी१ प्रथिनातले टायरोसिन हे एक अमिनो आम्ल आहे आणि त्याच्या पलीकडे चार मँगनीज, एक कॅल्शियम आणि पाच ऑक्सिजन अणूंचा एक छोटे गाठोडे. तीन मँगनीज आणि कॅल्शियम यांचा ऑक्सिजनसह एक वेडावाकडा घन होतो आणि चौथा मँगनीज त्याच्या बाहेर लटकतो. शास्त्रज्ञांनी याला पाठ असलेल्या मोडक्या खुर्चीची उपमा दिली. या गाठोड्याला पाण्याचे चार रेणू थेट चिकटलेले असतात: दोन कॅल्शियमला, दोन बाहेरच्या मँगनीजला.

हे गाठोडे चार इलेक्ट्रॉन एकेक करून बाहेर देते आणि मगच प्राणवायूचा एक रेणू सोडते. हे रचना कळण्याच्या कितीतरी आधी उमगले होते. १९६९ मध्ये फ्रान्समध्ये पिएर जोलिओ यांनी अंधारात ठेवलेल्या नमुन्यांवर प्रकाशाचे अगदी छोटे झोत टाकले. प्राणवायू सर्वांत जास्त निघाला तिसऱ्या झोताला, मग सातव्याला, मग अकराव्याला. दर चाराने भरती. पुढच्याच वर्षी बेसेल कोक यांनी याचा अर्थ लावला: केंद्र एस० ते एस४ अशा पायऱ्या चढते आणि अंधारात ते एस१ वर थांबलेले असते, म्हणून पहिली भरती चौथ्याऐवजी तिसऱ्या झोताला येते. अणू दिसत नसताना केवळ वायू मोजून काढलेला हा निष्कर्ष आजही जसाच्या तसा उभा आहे. मला प्रत्येक वेळी शिकवताना याचे नव्याने आश्चर्य वाटते.

मग २०११ च्या रचनेचे एवढे कौतुक का?

त्याआधीची चित्रे अंधूक होती. २००१ मध्ये बर्लिनच्या गटाची ३.८ अँगस्ट्रॉमची रचना आली, २००४ मध्ये लंडनच्या बार्बर-इवाता गटाची ३.५ ची. दुसरीने घनाकृतीची कल्पना पुढे आणली. पण एवढ्या अंधूक चित्रात मँगनीजच्या शेजारचा ऑक्सिजन वेगळा दिसत नाही. शिवाय क्ष-किरणांच्या माऱ्याने हे नाजूक केंद्र बिघडते, त्यामुळे फोटो काढता काढताच चेहरा बदलतो.

२०११ मध्ये जपानच्या शेन आणि कामिया यांच्या गटाने १.९ अँगस्ट्रॉमची रचना प्रसिद्ध केली. पाचही ऑक्सिजन दिसले, आजूबाजूचे हजारो पाण्याचे रेणूही दिसले. आत पाणी येण्याचे आणि प्रोटॉन बाहेर जाण्याचे मार्ग त्या पाण्याच्या माळांवरून आखता आले. पुढे क्ष-किरण लेझरच्या अतिसूक्ष्म स्पंदांनी, रेणू बिघडण्याच्या आत प्रतिमा टिपून, पायऱ्यांच्या मधल्या अवस्थाही पाहिल्या गेल्या. एस३ पायरीवर गाठोड्यात आणखी एक ऑक्सिजन दाखल झालेला दिसतो. मात्र दोन ऑक्सिजन एकमेकांशी नेमके कोणत्या जागी आणि कसे जोडले जातात, यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे.

एवढे सुरेख यंत्र सारखे बिघडते म्हणतात, ते खरे का?

खरे आहे. भर उन्हात डी१ प्रथिन अर्ध्या तासाच्या आसपासच टिकते. इतक्या जोरकस रसायनाच्या अंगाशी राहायचे म्हणजे होरपळ आलीच. पेशी सगळे संकुल फेकून देत नाही. ते अर्धवट सोडवते, एफटीएसएच नावाचे प्रथिन खराब डी१ ओढून कातरते, त्या जागी नवे डी१ बसते आणि मँगनीजचे गाठोडे पुन्हा जुळवले जाते. ही दुरुस्ती दिवसभर चालू असते.

सायटोक्रोम बी६एफ वर कमी बोलले जाते. त्यात विशेष काय?

तो क्विनोनकडून इलेक्ट्रॉन घेतो आणि त्या बदल्यात प्रोटॉन पटलाच्या आतल्या बाजूला टाकतो. एटीपी तयार होते ती याच साठ्याच्या जोरावर. २००३ मध्ये क्रेमर यांच्या गटाने मॅस्टिगोक्लॅडस या सायनोबॅक्टेरियातून त्याची रचना काढली. जोडीतल्या प्रत्येक भागात आठ प्रथिने आढळली. त्यात कोणी अपेक्षा केली नव्हती असा एक हीम (लोह धरणारा रेणू) सापडला. शिवाय एक हरितद्रव्य आणि एक कॅरोटीन हे नारिंगी रंगद्रव्यही आहे, जरी हे संकुल प्रकाश गोळा करत नाही.

पुढचा निरोप्या कोण, हे तांब्यावर ठरते. तांबे असेल तर प्लास्टोसायनिन, नसेल तर लोहवाला सायटोक्रोम सी६. अनेक सायनोबॅक्टेरिया गरजेनुसार एकाच्या जागी दुसरा वापरतात.

फोटोसिस्टिम-१ तिघांच्या गटात का असते?

२००१ मध्ये थर्मोसिनेकोकॉकसची २.५ अँगस्ट्रॉमची रचना आली, तेव्हा तीन पाकळ्यांच्या फुलासारखी आकृती समोर आली. एका पाकळीत १२ प्रथिने, ९६ हरितद्रव्य-रेणू, २२ कॅरोटिनॉइड, २ क्विनोन आणि लोह-गंधकाची ३ केंद्रे. तिन्ही मिळून २८८ हरितद्रव्ये. पाकळ्या जोडण्याचे काम पीएसए-एल हे प्रथिन करते. वनस्पतींमध्ये त्याच जागी पीएसए-एच नावाचे दुसरे प्रथिन येऊन बसते, त्यामुळे तिथे तिकडी जमत नाही आणि फोटोसिस्टिम-१ एकटी राहते. अ‍ॅनाबिना या सायनोबॅक्टेरियाच्या काही जातींत तर चौकडी आढळते.

तिकडीचा फायदा काय, यावर माझे मत सांगतो: मंद प्रकाशात शेजारच्या पाकळीने पकडलेली ऊर्जाही कामाला लावता येते, हे कारण मला सर्वांत पटते.

रचनेतली खरी शिकवण मात्र आत आहे. ९६ हरितद्रव्ये वाटेल तशी कोंबलेली दिसतात, पण ऊर्जा जवळजवळ वाया न जाता पी७०० या इथल्या मध्यवर्ती हरितद्रव्यापर्यंत पोहोचते. तिथून इलेक्ट्रॉन लोह-गंधकाच्या केंद्रांकडे जातो तो एकापाठोपाठ एक अशा ठेवलेल्या पायऱ्यांवरून. कोणत्याही दोन पायऱ्यांतले अंतर सुमारे १४ अँगस्ट्रॉमच्या आत असते. त्याहून जास्त झाले तर इलेक्ट्रॉनची उडी इतकी मंदावते की उपयोगच राहत नाही. अंतर हेच इथले यंत्र आहे, असे मी सुरुवातीला म्हटले ते यासाठी.

लोह कमी पडले तर हे सगळे कसे चालते?

फोटोसिस्टिम-१ लोहाची मोठी गिऱ्हाईक आहे. एका पाकळीला १२ लोह-अणू लागतात, फोटोसिस्टिम-२ च्या एका भागाला तीनच. समुद्रात लोहाची चणचण नेहमीची. मग पेशी फोटोसिस्टिम-१ ची संख्या कमी करते आणि आयसी-ए नावाचे हरितद्रव्य बाळगणारे प्रथिन तयार करते. त्याच्या १८ प्रती तिकडीभोवती कडे करून बसतात. २००१ मध्ये दोन गटांनी हे कडे स्वतंत्रपणे एकाच वेळी दाखवले. यंत्रे थोडी, पण प्रत्येकाची ओंजळ मोठी. लोहवाल्या फेरेडॉक्सिनच्या जागीही लोहाशिवाय चालणारे फ्लॅव्होडॉक्सिन येते.

निळा रंग कुठून येतो? फायकोबिलिसोम म्हणजे काय?

हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश पकडते. मधला हिरवा, पिवळा, नारिंगी तसाच सुटतो. पाण्याखाली राहणाऱ्याला ही उधळपट्टी परवडत नाही. म्हणून सायनोबॅक्टेरिया थायलॅकॉइडच्या पृष्ठावर पंख्यासारखी अँटेना उभारतात. मध्ये दोन-तीन किंवा अधिक आडव्या नळकांड्यांचा गाभा आणि त्यातून बाहेर फाकलेल्या दांड्या. सिनेकोसिस्टिसमध्ये गाभ्यात तीन नळकांडी आणि सहा दांड्या असतात.

दांडी चकत्यांची बनते. अल्फा आणि बीटा या दोन प्रथिनांची जोडी, तीन जोड्यांचे कडे, दोन कडी मिळून एक चकती. चकत्या एकावर एक रचल्या की दांडी, आणि मधल्या पोकळीतून जाणारे जोडप्रथिन त्यांना माळेसारखे ओवते. फायकोसायनिनच्या एका चकतीत १८ बिलिन-रेणू असतात. बिलिन म्हणजे हरितद्रव्यासारखीच चार कड्यांची साखळी, पण वर्तुळ उघडून लांब केलेली आणि प्रथिनाला गंधकाच्या बंधाने पक्की बांधलेली. मोकळे बिलिन सैल हलते आणि ऊर्जा उष्णतेत घालवते. प्रथिनाने ताणून धरले की तेच उत्तम प्रकाशग्राहक होते. रंगद्रव्य आणि प्रथिन यांचे नाते समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण मला मिळालेले नाही.

क्रमही बघा. टोकाला फायकोएरिथ्रिन असेल तर ते ५६० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश पकडते, मधले फायकोसायनिन ६२० च्या आसपासचा, गाभ्यातले अ‍ॅलोफायकोसायनिन ६५० चा. ऊर्जा पन्हळीतून पाणी ओघळावे तशी उताराने गाभ्याकडे आणि तिथून हरितद्रव्याकडे येते. हिरव्या प्रकाशात वाढवले तर काही जाती फायकोएरिथ्रिन वाढवून लालसर होतात, लाल प्रकाशात निळसर-हिरव्या. हे एंगेलमान आणि गाइडुकोव्ह यांनी १९०२ मध्येच नोंदवले होते.

पेशीतल्या विरघळणाऱ्या प्रथिनांचा निम्मा वाटाही कधी या अँटेनात असतो. म्हणून नायट्रोजनाची उपासमार झाली की पेशी आधी हीच मोडून खाते आणि फिकट पिवळी पडते.

हे घरी पाहता येते. स्पिरुलिना या खाण्याच्या सायनोबॅक्टेरियाची पूड थंड पाण्यात भिजवून रात्रभर शीतकपाटात ठेवा, सकाळी फडक्यातून व मग गाळणीच्या कागदातून गाळा. उजेडासमोर धरले की द्रावण निळे, बाजूने प्रखर प्रकाश टाकून काळ्या कागदावर पाहिले की लालसर. पुढे द्यायला हरितद्रव्य उरलेले नाही, म्हणून ती ऊर्जा लाल प्रकाश होऊन बाहेर पडते. मग थोडे द्रावण उकळा. प्रथिन विस्कटते, बिलिन सैल होते आणि निळाई व लाली दोन्ही जातात.

ऊन फार झाले तर अँटेना बंद करता येते का?

येते. ओसीपी नावाचे नारिंगी प्रथिन आहे, त्यात एक कॅरोटिनॉइड. प्रखर निळ्या प्रकाशात ते लाल होते, त्याचे दोन भाग अलग होतात आणि कॅरोटिनॉइड आतल्या आत १२ अँगस्ट्रॉम सरकते. लाल रूप फायकोबिलिसोमच्या गाभ्याला चिकटून जादा ऊर्जा उष्णतेत बदलते. २०२२ मध्ये सिनेकोसिस्टिसच्या रचनेत असे चार ओसीपी, दोन जोड्यांत, गाभ्याला चिकटलेले प्रत्यक्ष दिसले.

सगळ्या सायनोबॅक्टेरियांत हीच मांडणी असते का?

नाही. ग्लिओबॅक्टरमध्ये थायलॅकॉइडच नाहीत, तो सगळा कारभार बाहेरच्या पेशीपटलात करतो. समुद्रातला अतिसूक्ष्म प्रोक्लोरोकॉकस फायकोबिलिसोम सोडून पटलातल्या हरितद्रव्य-प्रथिनांवर भागवतो. १९९६ मध्ये नोंदवलेल्या अकॅरिओक्लोरिसचे मुख्य रंगद्रव्य क्लोरोफिल-डी, म्हणजे हरितद्रव्याचाच एक वेगळा प्रकार, आहे. ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेमधल्या नमुन्यांतून २०१० मध्ये क्लोरोफिल-एफ सापडले. डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या दूरच्या लाल प्रकाशावर जगताना काही जाती आपल्या फोटोसिस्टिममधली प्रथिने बदलून त्यात हे बसवतात.

नत्र स्थिर करणाऱ्या पेशींत काय फरक?

भातखाचरातल्या अझोला या तरंगत्या नेच्याच्या पानात जो अ‍ॅनाबिना राहतो, त्याच्या माळेत अधूनमधून जाड भिंतीच्या पेशी दिसतात. नत्र स्थिर करणारे विकर प्राणवायूने नष्ट होते, म्हणून त्या पेशी पाणी फोडण्याचे काम बंद करतात. फोटोसिस्टिम-१ मात्र चालू राहते आणि इलेक्ट्रॉन गोल फिरवून एटीपी पुरवते. भाताच्या शेतात नत्र आणण्यात या जीवाणूंचा हात आहे, हे पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखवून दिले होते.

२०२० मध्ये लोणार सरोवर गुलाबी झाले, ते यांच्यामुळे का?

नाही. लोणारच्या खाऱ्या, क्षारीय पाण्याचा नेहमीचा हिरवा रंग यांचा, विशेषतः स्पिरुलिनाच्या कुळाचा. गुलाबी रंग मात्र मीठप्रेमी आर्कियांचा (जीवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या वंशाचे सूक्ष्मजीव) होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून तसे सांगितले. अशा आर्कियांपैकी अनेकांकडेही प्रकाश वापरणारे प्रथिन असते, पण ते सात मळसूत्री वेटोळ्यांचे एकटे प्रथिन आणि त्यात प्रकाश पकडणारा एकच रेणू, रेटिनल. ते प्रोटॉन बाहेर ढकलते, पाणी फोडत नाही.

या रचना स्वतः पाहायच्या तर सुरुवात कुठून करावी?

प्रोटीन डेटा बँक सर्वांना मोफत खुली आहे. शोधपट्टीत इंग्रजी अक्षरे-अंक वापरून ‘१जेबी०’ (1JB0) टाकलेत तर फोटोसिस्टिम-१ मिळेल आणि ‘३डब्ल्यूयू२’ (3WU2) टाकलेत तर १.९ अँगस्ट्रॉमची फोटोसिस्टिम-२. त्यात आधी सगळी प्रथिने लपवा आणि फक्त हरितद्रव्ये ठेवा. मग मँगनीज निवडा, त्यावर चित्र मोठे करा, बाहेर लटकलेला चौथा मँगनीज शोधा आणि त्याला चिकटलेले दोन पाण्याचे रेणू मोजा.